बेसिनचं बूच काढून जाळी बसवायची आहे, कोणी केलंय का?

उंबरठा
मंडळी, विषय अगदी किरकोळ आहे पण डोक्यात जातोय. बाथरूमच्या बेसिनमध्ये ते धातूचं वरखाली होणारं बूच असतं बघा, नळाच्या मागची छोटी दांडी वर ओढली की बूच खाली बसतं आणि दांडी दाबली की वर येतं, तसलं आहे आमच्याकडे. वर येतं म्हणजे काय, जेमतेम करंगळी जाईल एवढी फट पडते. त्यातून पाणी रेंगाळत जातं, दात घासून होईपर्यंत बेसिन अर्धं भरलेलं असतं आणि पाणी उतरलं की दाढीचे बारीक केस आणि फेस कडेला रिंगण धरून बसतात. बूच बाहेर काढून साफ करावं म्हटलं तर ते निघतच नाही, खालून कशाला तरी अडकवलेलं आहे. आणि गंमत म्हणजे घरातला एकही माणूस बेसिन भरून काही करत नाही, त्यामुळे हे बूच नक्की कोणासाठी आहे देव जाणे.

तर विचार असा की हे बूच कायमचं काढायचं आणि तिथे केस अडवणारी जाळी ठेवायची. पण खालून येणारी दांडी काढली तर पाईपला भोक उरेल ना, त्याचं काय करायचं? जाळी कुठल्या मापाची घ्यायची? आणि जाळी लावून पाणी अजूनच हळू जायला लागलं तर सगळं मुसळ केरात. कोणी केलं असेल तर सांगा.

मधली_सुट्टी
वाचतेय. आमच्याकडे पण हेच रडगाणं आहे.

रिकामटेकडा
एवढा विचार कशाला, बूच हिसका मारून उपटायचं आणि वर जाळी टाकायची, झालं काम. दांडी राहूदे तिथेच.

पाना_पकड
@रिकामटेकडा, हिसका मारू नका आणि दुसऱ्याला सांगूही नका. बुचाच्या खालच्या टोकाला एक कडी असते आणि दांडी त्या कडीतून आरपार गेलेली असते. हिसका मारला तर एकतर कडी तुटून खाली ट्रॅपमध्ये, म्हणजे बेसिनखालच्या त्या वाकड्या बाकात जाते, नाहीतर दांडीवरचा बॉल जागचा हलतो आणि मग कपाटात थेंब थेंब गळती सुरू. ती लगेच कळतही नाही, कपाटाचा तळ फुगला की कळते.

@उंबरठा, आधी सगळ्यात सोपं करून बघा. सगळी बुचं दांडीत अडकवलेली नसतात. काही नुसती दांडीवर टेकलेली असतात, सरळ वर उचलली की येतात. काहींना खाली खाच असते, पाव फेरा डावीकडे फिरवून उचललं की सुटतात. हे दोन्ही करून नाही आलं तर तुमचं तिसऱ्या प्रकारचं, म्हणजे कडीतलं, आणि त्याला खालूनच जावं लागतं.

कपाटातलं सामान बाहेर काढा, बॅटरी घ्या आणि बेसिनच्या खाली डोकं घाला. नळाच्या मागची दांडी खाली येऊन एका भोकं पाडलेल्या पट्टीला स्क्रूने धरलेली दिसेल. त्या पट्टीच्या एका भोकातून एक आडवी दांडी वेस्ट पाईपमध्ये, म्हणजे बेसिनचं पाणी खाली नेणाऱ्या पाईपात शिरते, तिच्यावर एक स्प्रिंगची चिमटी असते. चिमटीची दोन्ही टोकं दाबली की पट्टी सुटते. मग जिथे आडवी दांडी पाईपात शिरते तिथला गोल नट उलटा फिरवा. बहुतेक वेळा हाताने फिरतो, नाही फिरला तर पकड लावा पण मध्ये फडकं ठेवा नाहीतर क्रोमवर ओरखडे. खाली बादली ठेवलेली बरी. दांडी सरळ मागे ओढली की तिच्या टोकाजवळ प्लॅस्टिकचा बॉल दिसेल, बॉलच्या मागेपुढे वॉशर असतात ते हरवू नका, कुठला आत आणि कुठला बाहेर होता ते बघून ठेवा, फोटो काढला तर उत्तम. आता वरून बूच हाताने उचललं की येईल.

आता भोकाचं. तीन रस्ते आहेत.

दांडी आहे तशी परत घालून नट आवळायचा, बूच तेवढं नाही. बॉल आणि वॉशरमुळे भोक बंद होतं, गळत नाही. पण दांडी पाईपच्या मध्यात आडवी राहते आणि केस तिच्यावरच गुंडाळले जातात, शिवाय खोल जाळी तिच्यावर अडकते. म्हणजे आजार तोच, फक्त डोळ्यांआड.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. बॉलच्या आतल्या बाजूला जी दांडी येते ती हॅकसॉने बॉलला लागून कापायची, कानसीने टोक घासायचं, आणि बॉल वॉशर नट सगळं परत जागेवर. आता बॉलच भोकाचं झाकण झाला आणि पाईप आतून मोकळा.

तिसरा म्हणजे आख्खं वेस्ट कपलिंगच, म्हणजे वरच्या रिंगसकट बेसिनच्या भोकात बसणारं नळकांडं बदलायचं, भोक नसलेलं आणि वरती फिक्स जाळी असलेलं बसवायचं. काम पक्कं पण मेहनत जास्त. त्यावर कोणी विचारलं तर लिहीन.

आणि नळाच्या मागची दांडी उपटून फेकू नका. ती काढली की नळाच्या अंगात भोक राहतं, नळावर उडालेलं पाणी त्यातून थेट कपाटात. ती तिथेच ठेवा, खालून स्क्रू आवळून टाका म्हणजे खुळखुळणार नाही.

उंबरठा
काका, शतशः धन्यवाद. उचलून बघितलं, पाव फेराही करून बघितला, ढिम्म. तिसऱ्या प्रकारचं दिसतंय. रविवारी खाली डोकं घालतो.

चौकस
अवांतर, पण एक समजून घ्यायचंय. बूच असो वा जाळी, हा जो काळा चिकट गाळ जमतो तो फक्त केसांचा नसतो ना? आमच्याकडे कोणाला दाढी नाही, लांब केस नाहीत, तरी जमतो.

पाना_पकड
साबणाचा असतो बराचसा. जड पाण्यात कॅल्शियम मॅग्नेशियमचे क्षार असतात, साबणातल्या मेदाम्लांशी त्यांचा संयोग झाला की जे तयार होतं ते पाण्यात विरघळत नाही, त्याचीच ती पांढरी राखाडी साय. त्यात टूथपेस्ट, त्वचेचे कण, आणि या सगळ्यावर वाढणारे जंतू, ते स्वतःभोवती बुळबुळीत थर करतात. केस असले की थराला धरायला आधार मिळतो आणि गोळा लवकर मोठा होतो. केस नसतील तर हळू होतो, पण होतो. बाथरूममध्ये भिंतीला चिकटून बसणाऱ्या त्या छोट्या केसाळ पंखांच्या माश्या असतात ना, त्यांच्या अळ्या याच थरावर वाढतात. वरून कितीही फवारे मारा, थर खरवडल्याशिवाय त्या जात नाहीत.

रिकामटेकडा
म्हणूनच म्हणतो, ड्रेन क्लीनरची पावडर टाका, गरम पाणी ओता, विषय संपला. जाळीबिळी काही नको.

पाना_पकड
हे मात्र सविस्तर लिहायलाच हवं. त्या पावडरीत बहुतेक कॉस्टिक सोडा असतो. पाणी लागलं की तो प्रचंड तापतो. केस आणि चरबी त्याने विरघळते हे खरं आहे, पण पाणी पूर्ण तुंबलेलं असताना टाकला आणि तुंबारा सुटला नाही, तर आता तुमच्या ट्रॅपमध्ये तेच जळजळीत पाणी साठलंय आणि उद्या ट्रॅप उघडणाऱ्याच्या हातावर, डोळ्यावर ते येणार. प्लंबर बोलवलात तर त्याला आधी सांगा की आत काय टाकलंय, एवढी माणुसकी ठेवा. आत ॲल्युमिनियमची जाळी किंवा भाग असेल तर कॉस्टिक त्याला खातो. ॲसिडवाला क्लीनर असेल तर तो क्रोम आणि पितळेला खातो. आणि ॲसिड टाकल्यावर वरून ब्लीच तर चुकूनसुद्धा नाही, क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं.

उकळतं पाणीही सरळ ओतू नका. यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लॅस्टिकचा पाईप साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यासाठीच धरलेला असतो, उकळत्या पाण्याने सांधे सैल होतात. थंड सिरॅमिकवर एकदम उकळतं पाणी पडलं तर तडाही जाऊ शकतो.

चौकस
आणि तो खायचा सोडा अधिक व्हिनेगरचा व्हायरल प्रकार?

पाना_पकड
फेस छान येतो. एक आम्ल, एक अल्कली, दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं ते थोडं क्षार असलेलं पाणी. बुडबुड्यांनी वरवरचा गाळ हलला तर हलला, केसांच्या गोळ्याला ढिम्म फरक पडत नाही. त्यापेक्षा ती लांब लवचिक प्लॅस्टिकची पट्टी मिळते, दोन्ही कडांना उलटे काटे असलेली, ती आत सरकवून हळू वर ओढा. मळमळलं तरी चालेल, पण काम तीच करते.

मधली_सुट्टी
सगळे बुचाच्या मागेच लागलेत तर त्याची बाजू मी घेते. "बूच कोणी वापरत नाही" हे वाक्य घरातल्या ज्या माणसाने लिहिलंय त्याने घरातल्या बाकीच्यांना विचारलंय का? मी नाजूक कपडे बेसिनमध्येच भिजवते. कॉन्टॅक्ट लेन्स लावताना बूच बंद करते, लेन्स पडली तर बेसिनमध्येच राहते. कानातलं काढताना तेच. जाळी लावली तरी कानातल्याची मागची फिरकी भोकातून जाऊ शकते, बूच बंद असलं की काहीच जात नाही. बूच काढून टाकाल आणि मग ज्या दिवशी लागेल त्या दिवशी वाडगा उलटा ठेवून काम भागवाल.

उंबरठा
ताई, पकडलंत. घरी विचारलं. "मी वापरते की" असं उत्तर आलंय. आता?

मधली_सुट्टी
बघा. 😄 पण उपाय आहे. रबराचं किंवा सिलिकॉनचं चपटं झाकण मिळतं, गोल चकती, नुसती भोकावर ठेवायची, पाण्याच्या वजनाने तीच बसते. जाळी रोजची आणि चकती लागेल तेव्हा. आमच्या जुन्या घरात साखळीला बांधलेलं रबरी बूच होतं आणि भोकात आडव्या दोन पट्ट्यांची चौकट, त्याच्याइतकं बिनत्रासाचं नंतर काही बघितलं नाही मी. साखळी तुटली तरी बूच काम करायचं.

गंजलेला_बोल्ट
मध्येच घुसतो. आमच्याकडे दांडीबिंडी काही नाही, बुचालाच बोटाने दाबलं की खाली बसतं, परत दाबलं की टक्कन वर येतं. तेही हल्ली अर्ध्यावर अडकतं. त्याचं काय करायचं?

पाना_पकड
तुमचं काम सगळ्यात सोपं, कारण पाईपला बाजूने भोकच नाही. बूच वर आलेल्या स्थितीत टोपी घट्ट धरून डावीकडे फिरवा. काहींची फक्त टोपी सुटते आणि आत स्प्रिंगचं कार्ट्रिज उरतं, तेही चपट्या स्क्रूड्रायव्हरने किंवा पकडीने डावीकडे फिरवून निघतं. काहींचं सगळं एकदमच हातात येतं. हात ओला नको, रबरी हातमोजा घातला तर पकड चांगली बसते. अर्ध्यावर अडकतं ते त्या स्प्रिंगमध्ये साबणाची साय आणि केस गेल्यामुळे. धुवून, वाळवून परत लावलंत तर बरेचदा नीट चालतं, बदलायची गरज नाही. काढूनच टाकायचं असेल तर आत आटे असलेला आडवा पूल राहील, त्याच्यावर टेकेल एवढीच खोल जाळी घ्या.

उंबरठा
केलं एकदाचं. नट प्लॅस्टिकचा होता, हातानेच सुटला. दांडी मागे ओढली आणि बूच वर उचललं, तर बुचाच्या मागोमाग जे आलं ते आलं, येतच राहिलं. उंदराच्या शेपटीसारखं लांब, काळसर करडं, वर चमक, मध्येमध्ये पांढरे कण, आणि टोकाला एक केसात गुंडाळलेली दात कोरायची काडी. वास तर विचारूच नका. बायकोने दारातून बघितलं आणि परत गेली. ही काडी कोणाची यावर घरात अजून तपास चालू आहे.

दांडी बॉलला लागून कापली. बॉल तिथेच फिट बसलाय, कोरडा टिश्यू फिरवून बघितला, थेंब नाही. बूच नसलेल्या बेसिनमधून पाणी असं जातं की बघत राहावंसं वाटतं.

आता जाळी. भोकाचं माप घ्यायला गेलो तर वेगवेगळी उत्तरं येतायत. वरच्या चकचकीत रिंगचं माप घ्यायचं की आतल्या भोकाचं?

पाना_पकड
शाब्बास. दोन्ही घ्या. बाथरूम बेसिनचा वेस्ट पाईप साधारण ३२ मिमीचा, म्हणजे सव्वा इंची असतो. पण वरची रिंग त्याहून बरीच रुंद असते आणि मधला घसा कंपनीगणिक थोडा कमीजास्त असतो. लोक नेमकं इथेच किचन सिंकची जाळी उचलून आणतात, ती बेसिनवर ताटली ठेवल्यागत बसते आणि पाणी खालून जायलाच जागा राहत नाही. जाळीचा खोलगट भाग घशात सैलसर जायला हवा आणि तिची कड रिंगच्या उतारावर टेकायला हवी, रिंगच्या बाहेर जाता कामा नये. आणि खोली बघा, तुम्ही दांडी कापली म्हणून तुम्हाला खोल जाळी चालेल, ज्याने दांडी ठेवलीय त्याला उथळच घ्यावी लागेल.

चौकस
प्रकार कुठला चांगला? तारेची विणलेली बारीक जाळी, भोकं पाडलेला स्टीलचा पत्रा, सिलिकॉनची चपटी फुलासारखी, आणि ती आत जाणारी छत्रीसारखी दांडकं असलेली, चार तरी दिसतायत.

गंजलेला_बोल्ट
आमच्याकडे बारीक तारेची होती. पहिले काही दिवस छान. मग टूथपेस्टचा फेस तिच्यात असा बसला की पाणी वरच. डोळ्याने बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, उजेडासमोर धरली की कळतं प्रत्येक चौकोनात साबणाचा पडदा आहे.

पाना_पकड
अगदी बरोबर. भोक जितकं बारीक तितका त्याच्यात साबणाचा पडदा टिकतो, आणि बेसिनमध्ये पाण्याला ढकलायला वर उंची तरी किती असते. दोनतीन मिलिमीटरची भोकं पाडलेला स्टीलचा पत्रा बेसिनसाठी पुरेसा. एखादा सुटा बारीक केस जाईल, जाऊदे. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस घेतलं तर बाथरूमच्या ओलीत गंजत नाही. चुंबकाला चिकटतं का बघतात लोक, त्याने थोडा अंदाज येतो पण दाबून आकार दिलेलं ३०४ सुद्धा जरासं चिकटतं, तेव्हा त्यावरून दुकानदाराशी भांडू नका.

छत्रीवाली ही लांब केस असलेल्या घरात भारी. ती केस वरती अडवत नाही, आत दांडक्याभोवती गुंडाळून घेते आणि पाणी बाजूने जात राहतं. वरून बेसिन स्वच्छ दिसतं. पण ती बाहेर काढून केस ओढायचं काम ज्याच्या वाट्याला येतं त्याला विचारा. शिवाय दिसत नाही म्हणून कोणी काढतच नाही, महिनोन्महिने.

सिलिकॉनची चपटी तात्पुरती ठीक, तळाला बुरशी धरते, नीट चिकटली नाही तर पाण्याबरोबर सरकते.

रिकामटेकडा
म्हणजे शेवटी रोज साफ करायचंच आहे. मग बूच काय वाईट होतं?

पाना_पकड
रोज दहा सेकंद आणि डोळ्यासमोर. बुचाचा गाळ सहा महिन्यांनी, पाठीवर झोपून, तोंडाजवळ बादली धरून. निवड तुमची. जाळीचा केर कचऱ्याच्या डब्यात टाका मात्र. जाळी उलटी करून नळाखाली धरणारे महाभाग बघितलेत, सगळं त्याच भोकातून खाली. 🙏

मधली_सुट्टी
हे आमच्याकडे सगळे करतात. सगळे.

चौकस
काका, तो तिसरा रस्ता लिहा ना, आख्खं कपलिंग बदलायचा. आमचं बूच इतकं गंजलंय की रिंगचं क्रोम सोलून निघतंय, नुसती जाळी ठेवून शोभा नाही.

पाना_पकड
लिहितो, पण घाईत करायचं काम नाही.

पहिली गोष्ट, बेसिनला ओव्हरफ्लो आहे का बघा, म्हणजे वरच्या कडेखाली ते छोटं भोक. असेल तर कपलिंगच्या अंगाला खाचा असलेलंच घ्या. ओव्हरफ्लोचं पाणी सिरॅमिकच्या आतल्या पोकळीतून खाली येतं आणि त्या खाचांतूनच कपलिंगमध्ये शिरतं. बिनखाचेचं बसवलंत तर ते पाणी पोकळीतच साठणार, कुजणार, वास मारणार. उलट ओव्हरफ्लो नसलेलं बेसिन असेल, म्हणजे काउंटरवर नुसतं ठेवलेलं भांड्यासारखं असतं ते, तर बिनखाचेचं घ्या. आणि तसल्या बेसिनला बूच न लावता कायम उघडी राहणारी जाळीच लावावी हे माझं ठाम मत आहे, कारण बूच बंद राहून नळ चालू राहिला तर पाण्याला जायला दुसरी वाटच नाही, ते थेट जमिनीवर.

दुसरं, आटे. फुल थ्रेडवर, म्हणजे अंगभर आटे असतील तर, चेकनट (खालून आवळायचा मोठा नट) वरपर्यंत चढतो. हाफ थ्रेड, म्हणजे अर्ध्याच अंगाला आटे असतील तर बेसिनच्या तळाची जाडी किती आहे ते आधी मोजा, नाहीतर आटे संपतात आणि नट तरीही सैलच.

काढताना आधी ट्रॅप सोडवा, खाली बादली. त्या बादलीतलं पाणी त्याच बेसिनमध्ये ओतू नका, हसू नका, होतं असं. मग खालचा मोठा चेकनट. हा बरेचदा गंजून एकजीव झालेला असतो. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, तरी नाही सुटला तर हेअर ड्रायरने तापवून बघा, आणि तरीही नाही तर हॅकसॉ ब्लेडने नट तिरका कापा. पाईप पान्यावर लटकू नका. सिरॅमिक दाब सहन करतं, पीळ नाही, एक टिचकन आवाज आला की नवं बेसिन.

जुनी पुट्टी (भिंतीची नव्हे, प्लंबरची तेलकट मऊ पुट्टी) खरवडून जागा कोरडी करा. नव्या रिंगखाली पुट्टीची बारीक वळी फिरवा, कपलिंग वरून घाला, खालून आधी रबरी वॉशर, त्याची निमुळती बाजू वर बेसिनकडे, मग चपटा वॉशर, मग चेकनट. वरून एकाने रिंग धरून ठेवायची म्हणजे ती फिरणार नाही. हाताने घट्ट, आणि मग पान्याने थोडासाच. कडेने पुट्टी बाहेर आली की बस.

गंजलेला_बोल्ट
पुट्टी कशाला, सिलिकॉन लावा ना सरळ. आम्ही सगळीकडे सिलिकॉनच लावतो.

पाना_पकड
सिरॅमिकला पुट्टीच बरी, परत उघडायची वेळ आली तर निघते, आणि लावल्या लावल्या पाणी सोडता येतं. सिलिकॉन पूर्ण सुकायला साधारण २४ तास द्यावे लागतात आणि काढताना कटर घेऊन बसावं लागतं. पण बेसिन संगमरवराचं किंवा दुसऱ्या दगडाचं असेल तर पुट्टी अजिबात नको, तिच्यातलं तेल दगड शोषतो आणि रिंगभोवती कायमचा डाग. तिथे सिलिकॉनच. काही प्लॅस्टिकनाही पुट्टी चालत नाही, डब्यावर लिहिलेलं असतं ते वाचा.

टेफ्लॉन टेप फक्त खालच्या नळकांड्याच्या आट्यांना. जिथे रबरी वॉशर दाबून बसतो त्या नटांना टेप गुंडाळून काही फायदा नाही, उलट वॉशर नीट बसत नाही.

टेस्ट करताना नुसता नळ सोडून बघू नका. जाळीवर ती सिलिकॉनची चकती ठेवा, बेसिन ओव्हरफ्लोपर्यंत भरा, ओव्हरफ्लोतून थोडं वाहूदे, मग चकती एकदम उचला. सगळं पाणी जोरात खाली जातं तेव्हाच खरी गळती दिसते. प्रत्येक सांध्यावर कोरडा टिश्यू फिरवा, बोटाला न कळणारा ओलावा टिश्यूला कळतो.

चौकस
जबरदस्त. ट्रॅप काढायचा म्हटलं तर, तो बाक परत न लावता सरळ पाईप जोडला तर तुंबणं कमी होईल का? एकाने सुचवलंय.

पाना_पकड
सुचवणाऱ्याला त्या बाथरूममध्ये झोपायला सांगा. ट्रॅपमध्ये जे पाणी साठून राहतं, साधारण ५० ते ७५ मिमी उंचीचं, तेच गटाराचा वायू अडवतं. ही युक्ती १७७५ पासूनची आहे, अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने फ्लशच्या संडासाच्या पेटंटमध्ये तो एस आकाराचा बाक घातला होता. तो काढला की घरात थेट गटार. बरेच दिवस न वापरलेल्या बेसिनला वास येतो तो यामुळेच, ट्रॅपमधलं पाणी उडून जातं. तांब्याभर पाणी ओतलं की वास बंद. आणि ट्रॅपमुळेच पडलेली अंगठी परत मिळते हे विसरू नका.

उंबरठा
अपडेट. भोकं पाडलेली स्टीलची जाळी बसवली, पाणी झरझर जातंय, चकतीही आणून ठेवलीय, घरात शांतता आहे. पण एक नवीनच. सकाळी नळाजवळ वाकलं की कुबट वास येतो. ट्रॅपला तर मी हात लावला नव्हता. बूच होतं तेव्हा हा वास नव्हता, का आधीपण होता आणि बुचाने दाबला होता? शिवाय पाणी संपताना गुडगुड आवाज येतो.

गंजलेला_बोल्ट
बॉलच्या जागेतून येत असेल. नट परत बघा.

पाना_पकड
बॉलची जागा ट्रॅपच्या वर आहे, तिथून गटाराचा वास येणार नाही, आलं तर पाणी येईल, आणि तुमचा टिश्यू कोरडा होता. वासाचं मूळ बहुतेक ओव्हरफ्लोत आहे. त्या पोकळीत वर्षानुवर्षं साबणाचं पाणी शिरलेलं असतं आणि ती कोणी म्हणजे कोणी धूत नाही. बाटली धुवायचा लांब बारीक ब्रश घ्या, वाकवा, ओव्हरफ्लोच्या भोकातून साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून खालपर्यंत फिरवा, आणि मग जगाने पाणी ओता ओव्हरफ्लोतूनच. बरंच काळं निघेल. जाळी काढून घशाच्या आतल्या खाचासुद्धा त्याच ब्रशने.

गुडगुड थोडी असणारच, आता पाणी वेगाने जातंय आणि शेवटी हवा ओढली जाते. पण गुडगुड झाल्यावर ट्रॅपमधलं पाणीच ओढून जात असेल तर मात्र गटाराचा वास येईल. ओळखायची खूण अशी, बेसिन पूर्ण भरून रिकामं करा, मग अगदी थोडं पाणी हळू सोडा. त्यानंतर वास गेला तर ट्रॅप रिकामा होत होता. तसं निघालं तर पुढच्या पाईपला हवा मिळत नाहीये, व्हेंट, म्हणजे हवेचा पाईप, तुंबलाय किंवा नाहीच आहे, तिथे प्लंबर लागेल. आधी ब्रश करा.

उंबरठा
ब्रश केला. काय निघालं ते लिहीत नाही, काही लोक जेवताना वाचत असतील. वास गेला. ट्रॅपची खूणही बघितली, तिथे सगळं ठीक दिसतंय.

मधली_सुट्टी
ती काडी कोणाची निघाली?

उंबरठा
सगळ्यांनी हात वर केलेत.

गंजलेला_बोल्ट
काका, बाथटबला पण हाच प्रकार करता येईल का? तिथे पण एक लिव्हर आहे.

पाना_पकड
टबाचं गणित वेगळं. तिथे पाईप मोठा, साधारण ४० मिमी, आणि लिव्हर ओव्हरफ्लोच्या प्लेटच्या मागे असतो. प्लेटचे स्क्रू काढून आख्खी जोडणी वरून ओढून काढावी लागते. फोटो टाका आणि वेगळा धागा काढा, इथे गल्लत होईल.